तेविसावी तक्रार

"शाब्बास! सगळं वाचून झालं!" असं स्क्रीनवर लिहून आलं होतं, आणि वर तीन रंगीत फुगे.

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळी घरी जाताना इनबॉक्समध्ये तेवीस तक्रारी ठळक अक्षरांत होत्या. आज एकही नाही. सगळी पत्रं सारखीच बारीक.

"हे कुणी केलं?"

"मीच की," कॉम्प्युटरवाला खुशीत म्हणाला. "काल तुम्ही गेल्यावर अपग्रेड टाकलं. केवढा पसारा होता तुमचा! वाचलेली पत्रंसुद्धा न वाचलेली म्हणून पडून होती. सगळं साफ केलं."

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत तक्रारींचं टेबल ताईंकडे होतं आणि त्यांची रीत एकच. तक्रार वाचायची, की लगेच परत 'न वाचलेली' करून ठेवायची. मेकॅनिक जाऊन लिफ्ट चालू करून आला, की मगच ती ओळ बारीक होऊ द्यायची. ठळक ओळ म्हणजे कुणीतरी अजून जिने चढतंय. हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. या पठ्ठ्याला तेवढं विचारावंसं वाटलं नाही.

"पसारा नव्हता रे शहाण्या. कामं होती ती."

"पण पत्रं आहेत ना सगळी? गेलं कुठे काय?"

"आहेत की. या सहाशे पत्रांत कुठली लिफ्ट चालू झाली नि कुठली बंद आहे, ते तुझे फुगे सांगणार का मला?"

ताईंना मनापासून वाईट वाटलं. जुना प्रोग्राम काय गुणाचा होता! सांगाल तेवढंच करायचा, आगाऊपणा म्हणून नाही. हा नवा आल्या आल्या शहाणपणा शिकवायला लागला.

साडेनऊ वाजले. पाच मेकॅनिक खांद्याला हत्यारांच्या पिशव्या अडकवून दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यातला थोरला, ज्याला सगळे दादा म्हणत, तो हसत म्हणाला, "काय ताई, आज गप्पा मारत बसायचं का मग?"

"बसायचं नाही. उभ्या उभ्या लिहून घ्यायचं."

ताईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. दवाखान्याची मागची लिफ्ट, दार लागत नाही, डॉक्टर दिवसातून चारदा लाल अक्षरांत लिहितो. गोदामाची मध्येच अडकते, तिथला मॅनेजर कोर्टाची भाषा करतो. बँकेच्या वरची घरघरते, तिथली बाई फोनवर रडते. पत्ता, मजला, बिघाड, सगळं एका दमात. दादाचं पेन मागे पडायला लागलं. कॉम्प्युटरवाल्याने 'आ' वासला तो मिटेना.

"बावीस," दादाने मोजून सांगितलं. "मानलं ताई तुम्हाला!"

"तेवीस हवेत. रोज जाताना मोजते मी."

त्यांनी कपाळ चोळलं, पुन्हा डोळे मिटले. काही केल्या आठवेना.

"जाऊ द्या हो," दादा म्हणाला. "लिफ्ट बंद असली तर ओरडेल की तो."

"ओरडणारे सगळे आठवले रे," ताई म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर थबकल्या. मग कॉम्प्युटरवाल्याकडे वळल्या. "न ओरडणारी पत्रं कुठे ठेवतं तुझं हे यंत्र?"

"ते... 'बिनमहत्त्वाचं' म्हणून एक नवा कप्पा आहे. घाईचं दिसत नाही ते, जुनं पत्रसुद्धा, तिकडे जातं आपोआप."

"उघड."

जाहिरातींच्या ढिगात ते पत्र होतं. अकरा दिवसांपूर्वीचं. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, राहायला सहाव्या मजल्यावर. पत्र पाहताच ताईंना लख्ख आठवलं. रोज सकाळी या ओळीवर त्यांची नजर जायची आणि रोज त्या कुणातरी आरडाओरडा करणाऱ्याला पुढे काढायच्या. यांचं उद्या बघू, म्हणायच्या.

कॉम्प्युटरवाला पार खजील झाला होता. "चूक या प्रोग्रामची आहे, ताई. जुना परत घालून देतो."

"घालच," ताई म्हणाल्या, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "दादा, हा पत्ता यादीत सगळ्यात वर लिही. दवाखान्याआधी तिथे जा. लिफ्ट चालू झाल्याशिवाय हलायचं नाही."

दादा निघाला तसा त्यांनी फोन लावला.

"बाई, लिफ्ट अजून बंदच आहे ना?"

"हो, पण चाललंय माझं," पलीकडून प्रसन्न आवाज आला. "गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, एवढंच. शेजारीण आणून देते हवं-नको ते."

"अकरा दिवस घरात? अहो, मग पुन्हा लिहायचं नाही का? एखादा फोन तरी करायचा!"

"कशाला? एकदा लिहिलं होतं ना," बाई म्हणाल्या. "म्हटलं, वाचलं असेल तर येतीलच."