मल्हारचं जावळ

रविवारी तेल लावून घ्यायला पराग आईपुढे पाटावर बसला, तेव्हा त्याच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागेत धाकट्या भावाचे कुरळे केस उगवलेले होते.

परागचं जावळ आईने रीतीप्रमाणे कृष्णेत सोडलं होतं. मल्हारच्या वेळी गावात केशपेढी निघाली होती, म्हणून त्याचं जावळ काढताना चार मुळंही तिथे जपून ठेवली गेली; त्यांतून पुढे हवे तेवढे केस वाढवता येत. आता चोविसाव्या वर्षीच परागचं कपाळ टाळूला भिडलं, आणि त्याला चालणारी मुळं होती फक्त मल्हारची.

"घे रे दादा, मला काय कमी आहे!" बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर दाट झुलपं मागे सारत मल्हार हसला होता. ते हसणं परागला अजून झोंबत होतं. लहानपणापासून सगळं त्यालाच जास्त, आणि आता केसही त्याच्याकडूनच मागायचे! पेढीने आधी टाळूवर हा एवढासा नमुना लावून दिला होता. उद्या जाऊन साफ नाही म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं.

आईची बोटं नेहमीसारखी भराभर फिरली, कुरळ्या केसांपाशी आली आणि तिथेच हळूहळू घोटाळत राहिली. ती गुणगुणू लागली. परागच्या डोक्याला तेल लावताना ती कधीच गुणगुणली नव्हती.

"फार दमतोस रे मल्हार," ती नकळत म्हणाली.

परागने तिची चूक दुरुस्त केली नाही. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला.

सोमवारी पेढीतल्या बाईंनी विचारलं, "किती जागा भरायची?"

"सगळी," पराग म्हणाला. "माझा एकही केस ठेवू नका."