फेस कानाने ओळखायचा

टक्कन खोक्याचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं आणि त्या एवढ्याशा आवाजानेही मी दचकले. बाहेर व्हरांड्यात सासूबाई, नोलीन, बसल्या होत्या. ख्रिसमसचा पावलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाचा गोड केक, यंदा पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला होता. इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; त्या दमट उकाड्यात दोनदा अंड्याचा फेस बसला, अंडी संपली, म्हणून दुकानातला तयार पावलोवा मी कालच गुपचूप आणून ठेवला होता.

आवाज झाकायला मी घाईघाईने त्यांनीच भेट दिलेला फेटायचा मिक्सर सुरू केला. त्याच्या तारा रिकाम्या भांड्यात गरगरू लागल्या.

"अगं, एकदम जोरात नको!" बाहेरून हाक आली. "आधी हळू. साखर चमच्याचमच्याने घाल."

मी वेग कमी केला. भांड्याच्या काठावर चमचाही वाजवला.

"हं, आता वाढव. ऐकलंस? आवाज जड झाला. फेस घट्ट झाला बघ! चाळीस वर्षं करतेय मी, मला कानानेच कळतं."

"अगदी बरोबर ओळखलंत हो, नोलीन!"

एवढ्यात माझी सात वर्षांची टिली आत आली. तिने भांड्यात डोकावून पाहिलं, मग ओट्यावरच्या खोक्याकडे. मी ओठांवर बोट ठेवलं. तशी ती शहाण्यासारखी जवळ आली, घामेजला गाल माझ्या गालाला लावून कुजबुजली,

"मम, गेल्या ख्रिसमसला नॅन आजीच्या कचऱ्याच्या डब्यात अगदी असाच खोका होता. मग नॅनपण रिकामंच भांडं फिरवते का गं?"