मूळ फोटो

“हा पण व्हॉट्सॲपवरचाच. मोठा केला की आईचा चेहरा फुटतोय,” दादा पुटपुटला. उद्या आईचं बारावं. रेवदंड्याच्या स्टुडिओवाल्याला फ्रेमसाठी मूळ फोटो हवा होता. तिघं भावंडं चौलच्या घरी ओटीवर आपापले फोन चाळत बसली होती. आपण काढलेल्या फोटोच्या नावात नुसती तारीख-वेळ असते. कुणी पाठवलेल्याला डब्ल्यूएची शेपटी लागते. आईच्या प्रत्येक फोटोला ती शेपटी होती. विनिताने स्वतः काढलेला एक सापडला, तो आईने धाडलेल्या सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा. “धाकट्या, तुझ्यात बघ,” ती म्हणाली. “माझा फोन नवा आहे.” चहा घेऊन आलेल्या शेजारच्या कोकिळाने आपला मोबाईल पुढे केला. “मूळचे माझ्यात हायत. काकी सांगायची, काढ आन् पोरांना धाड, बघतील तरी.” दादाने तो घेतला नाही. “घे, दादा,” विनिता म्हणाली. “आई होती तोवर आपल्यातलं कोणी आलंच नाही.”