दोनशे भोकं

कॉलेजातली चाचणी दोन तासांवर आली तरी नेत्रानं पिंपात बुडवलेल्या हातभर पाणबुडीतून एकही बुडबुडा निघेना. हवेचा पंप नुसता घरघरत होता. पाणबुडीच्या अंगाला सुईएवढी दोनशे भोकं पाडायला दीड महिना लागला होता. त्यांतून हवा सुटली की पाणी अंगाला घासत नाही, पाणबुडी सुळकन पळते. तिनं ती वर काढून बोट फिरवलं. अंग गुळगुळीत! "बाबा, हिला कुणी हात लावला?" वेसाव्याच्या होड्यांचा जुना नाखवा असलेला तिचा बाप छाती फुगवून म्हणाला, "मीच! एवढी भोकं ठेवून पाण्यात सोडणार होतीस? काल दिवसभर खपून एकेक बुजवलं." "वाट लावलीस रे बाबा! त्या भोकांचाच तर प्रोजेक्ट आहे!" तिनं सुई त्याच्या हातात कोंबली. "पाड आता!" त्यानं चष्मा चढवला, सुई टेकवली. जन्मभर होड्यांची भोकं बुजवलेल्या हातांना पहिलं भोक काही पाडवेना.