शेजारच्या टेबलावरची बाई

पोर्तुगीज क्लबच्या रेस्टॉरंटमध्ये भाजलेल्या माशाचा वास दरवळत होता आणि आईसमोर बसलेल्या श्रीरंगला चोरी केल्यासारखं वाटत होतं. बाबा गेल्यावर आईनं मासे सोडले, हे तो इथं अमेरिकेत सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. तिच्यासाठी त्यानं बटाट्याचं सूप मागवलं. स्वतःसाठी मात्र माशाचा मोह त्याला आवरला नाही.

शेजारच्या टेबलावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी काटे काढत, मन लावून मासा खात होती.

"ही अशी काळ्या कपड्यांत का रे?" आईनं विचारलं.

"यांच्यात नवरा गेला की बायका काळं घालतात."

"आणि मासे खातात?"

"त्याचा काय संबंध?" तो बोलून गेला आणि चपापला. "सॉरी आई. तू सोडलेस ना, म्हणून तुझ्यासमोर खायला मला कसंतरीच होतं."

आईनं सूपचा वाडगा बाजूला सारला.

"मी कुठे सोडले रे? तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा मासे केले, तेव्हा तूच वाढत होतास. सगळ्यांना तुकडी वाढलीस आणि माझं पान तेवढं ओलांडून पुढे गेलास."