अख्खा लाडू

तेराव्याला अण्णांच्या फोटोसमोर पान वाढताना लेकीच्या हातून बेसनाचा लाडू फुटला. डब्यातला तो शेवटचा होता.

"असू दे गं, अण्णा काय आता रागावणार आहेत?" काकू म्हणाली.

आणीबाणीत अण्णा एकोणीस महिने तुरुंगात होते. आई भेटीला न्यायची तो प्रत्येक लाडू शिपाई आत चिठ्ठी शोधत कुस्करायचा. निवडणुकीत सरकार पडलं, अण्णा सुटून आले, तेव्हा आईने अख्खा लाडू त्यांच्या तळहातावर ठेवला. ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. पुढे त्यांच्या ताटात फुटका लाडू कधी आला नाही.

लेकीने चुरा गोळा केला, पण लाडू वळेना. आईने तो तिच्याकडून घेतला, तुपाचं बोट लावून घट्ट वळला आणि पानात ठेवला.

"घ्या," ती फोटोला म्हणाली, "कुणी तपासलेला नाही."