भवानीचं गिऱ्हाईक

इलारियाच्या नातीचं जावळ काढलं, त्याच वर्षी फ्रोइलानने गाडीच्या ब्रेकला नव्या डिस्क घेतल्या.

कार्निव्हलचा शुक्रवार होता. इलारियाने गाड्यांच्या सुट्या भागांची टपरी नुकतीच उघडली होती. उंबऱ्यावर रंगीत कागदाचे तुकडे टाकून धरणीमायेला दारूचे चार थेंब दिले होते. भवानी अजून व्हायची होती. पहिला आला तो फ्रोइलान चुकिमिया. एकतीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर घेतलं होतं, तेव्हापासून ती त्याची मादरिना. आता तो वरच्या एल आल्तोहून खाली ला पासपर्यंत उतारूंची मिनीबस चालवायचा.

त्याने जुनी डिस्क टेबलावर ठेवली. इलारियाने तिच्या कडेवरून नख फिरवलं. कंगोरा नखाला अडला.

"किती वेळा लेथवर घासून घेतलीस?"

"दोनदा. मिस्त्री म्हणतो, आता घासली तर कागद होईल."

"एवढं तरी कळतं त्याला."

तिने फळीखालून एक डिस्क दोन्ही हातांनी उचलून वर घेतली. साधी, जाड, काळपट. फ्रोइलानने तिच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्याचं लक्ष वर होतं. खिळ्याला टांगलेल्या जोडीवर भोकांची नक्षी होती आणि सकाळचं ऊन तिच्यावर चमकत होतं.

"त्या द्या, मादरिना."

"त्या शर्यतवाल्यांच्या. तुझ्या गाडीत बायका बसतात, बटाट्याची पोती मांडीवर घेऊन."

"मग त्यांनी काय पाप केलंय? ही तुमची साधी म्हणजे चुलीवरचा तवा. चाकातून बघितलं तर दिसणार काय?"

"गाडी थांबलेली दिसेल."

फ्रोइलान हसला. शेजारच्या टपरीतली मिरचीवालीही हसली.

"दिवसातून आठ वेळा तो उतार उतरतोस," इलारिया म्हणाली. "भरल्या गाडीने. डिस्क तापते, निवते, पुन्हा तापते. भोकाच्या कडेपासून तडा धरतो. बाहेरून दिसतही नाही."

"भोकांतून वारा जातो म्हणतात. थंड राहते."

"म्हणणाऱ्यांना उतरू दे एकदा."

"राहू दे मग. पुढच्या टपरीत मिळतील."

त्याने जुनी डिस्क उचलली आणि निघाला. कार्निव्हलच्या शुक्रवारी पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं, तर वर्ष रिकामं जातं, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. फ्रोइलानलाही माहीत होतं, म्हणून तो सावकाश चालत होता. मिरचीवालीचं हसू थांबलं. ती इलारियाकडे बघत राहिली.

इलारियाने काठी घेतली आणि खिळ्यावरची जोडी काढली.

"ये इकडे," ती म्हणाली.

त्याने दिलेल्या नोटांनी तिने कपाळावर क्रूस काढला, नोटांचं चुंबन घेतलं.

"मंगळवारी गाडीची पूजा आहे," फ्रोइलान म्हणाला. "गाडीच्याही मादरिना तुम्हीच. चाकांवर बिअर ओतायची ती तुमच्याच हाताने."

"चाकं थंड करून आण."

"आणतो की."

मंगळवारी तो वरून थेट फेरी मारूनच पूजेला आला. सणाची गर्दी होती, गाडी खचाखच भरली होती, उतारूंना नाही म्हणवेना म्हणाला. आरशांना फुलांच्या माळा होत्या. पुढच्या चाकांतून नव्या डिस्क दिसत होत्या, आणि खरंच देखण्या दिसत होत्या. चाकांपाशी जळका वास येत होता.

"तासभर थांबू," इलारिया म्हणाली. "चाकं तापलीत."

"मादरिना, बँडवाले सकाळपासून फुंकतायत," कोणीतरी म्हणालं. "तासाभराने आधी त्यांनाच उचलावं लागेल."

सगळे हसले. फ्रोइलानची सासू हसली नाही. ती हळूच म्हणाली, "मादरिनाचा हात आखडला की गाडीला लागतं म्हणे."

फ्रोइलानच्या बायकोने बर्फाच्या टोपातून बाटली काढली, शालीने पुसली आणि इलारियाच्या हातात दिली. ती बाटली इतकी गार होती, की बोटं बधिर झाली.

इलारियाने टायरवर थोडी ओतली.

"टायरला नको, आत," फ्रोइलान म्हणाला. "धरणीमायेशी चिक्कूपणा करता काय?"

तिने आत ओतली. चर्र झालं, पांढरी वाफ आली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या चाकालाही तसंच झालं, पण वाफेमागून आणखी एक बारीक आवाज आला. चिनी मातीची कपबशी टिचावी तेवढाच. इलारियाने मान वर केली. बँड सुरू झाला होता आणि दुसऱ्या कोणी काही ऐकल्यासारखं दिसत नव्हतं. मागच्या दोन चाकांत डिस्क नव्हत्या. तिथे नुसती बिअर गळाली.

"फ्रोइलान, उद्या पुढची चाकं खोलून बघ."

"बघतो, मादरिना."

"उद्याच."

"बघतो म्हटलं ना." त्याने मूठभर रंगीत कागद तिच्या केसांवर टाकले आणि बायकोला नाचायला ओढलं.

त्या वर्षी इलारियाची टपरी चांगली चालली. कार्निव्हलनंतरच्या तिसऱ्या गुरुवारी, सकाळी सात वाजता, फ्रोइलान चुकिमिया उतारावर मेला. त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्या दोन बायकाही मेल्या.